सायकलचं चिन्ह रस्त्यावर नेमकं कुठं मारायचं

बावीस वर्षं मी रस्त्यावर पट्टे मारले. हातात ब्रश घेऊन नव्हे, ठेकेदाराकडे साइट सुपरवायझर होतो. दोरी ताणून चुन्याची आखणी करून घ्यायची, बॉयलरमध्ये थर्मो, म्हणजे वितळवून ओतायचा पट्ट्यांचा रंग, नीट वितळला का पाहायचं, झेब्राच्या पट्ट्या सारख्या पडताहेत का मोजायचं आणि रात्री दोनला पोरांना चहा पाजायचा. सायकल मात्र पन्नाशीनंतर हाती आली, साखर निघाली तेव्हा. डॉक्टर म्हणाले चाला, गुडघे म्हणाले नाही. मग सायकल.

सायकलवर बसल्यावर तिसऱ्या महिन्यात कळलं, की दुसऱ्या एका शहरात जे सायकलचं चिन्ह मी रस्ताभर मारून आलो होतो, ते सगळंच चुकीच्या जागी होतं.

ते काम बाजारपेठेतल्या रस्त्याचं. ड्रॉइंगमध्ये लिहिलेलं, कडेपासून अडीच फुटांवर सायकल. आम्ही अडीच फुटांवर मारली. सकाळी बिलासाठी फोटो काढायला गेलो तर निम्म्या सायकलींवर मोटारी उभ्या. एका वॅगनआरच्या खालून नुसतं पुढचं चाक डोकावत होतं. पोरं हसली, मीही हसलो. बिल निघालं, आम्ही नागपूरला परत आलो.

मग एका सकाळी धरमपेठेत मी उभ्या मोटारींच्या कडेकडेने चाललो होतो, म्हणजे अगदी त्या ड्रॉइंगप्रमाणे. एकाने आतून दार उघडलं. डाव्या कोपराने दार घेतलं, उजव्या तळव्याने रस्ता. मागून बस येत नव्हती म्हणून आज हे लिहून राहिलो. तो माणूस बिचारा घाबरून पाण्याची बाटली घेऊन उतरला आणि म्हणाला, "काका, इतक्या जवळून काऊन चालवता?"

प्रश्न बरोबर होता. तेव्हापासून आमच्या प्रताप नगरकडच्या आतल्या रस्त्यांसाठी मी जे केलं, जे चुकलं आणि जे जमलं, ते इथं सांगतो. तुमच्या कॉलनीत पोरं सायकलने ट्यूशनला जात असतील तर उपयोगी पडेल.

खूण काय सांगते, काय सांगत नाही

एक सायकल आणि तिच्या डोक्यावर दोन कोन, घराच्या छपरासारखे. इंग्रजीतल्या 'शेअर' आणि 'ॲरो' या शब्दांची मोट बांधून तिला शॅरो म्हणतात. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला जेम्स मकाय नावाच्या इंजिनिअरने ती पहिल्यांदा काढली. तेव्हा सायकल बाणाच्या आत होती. २००४ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत तिची तपासणी झाली आणि आजचा आकार ठरला. २००९ मध्ये ती अमेरिकेच्या राष्ट्रीय मार्किंग नियमावलीत आली.

ही वेगळी सायकल लेन नव्हे. कोणाला आत यायची मनाई नाही. मोटारवाल्याला ती सांगते, या पट्ट्यात सायकल असणार. सायकलवाल्याला सांगते, इथून चालव, कडेला दबून नको. मला विचाराल तर हे दुसरं सांगणं जास्त मोलाचं. आपल्याकडे सायकलवाला जन्मभर कडेला सरकत राहतो, कारण मागचा हॉर्न त्याला तेच शिकवतो.

पण एवढ्याने भागत नाही. वेस्ली मार्शल आणि निक फेरेंचक या डेन्व्हरच्याच दोन संशोधकांनी २०१६ मध्ये शिकागोचे आकडे तपासले. जिथं वेगळी लेन आखली तिथं सायकलवाल्यांच्या दुखापतीत घट सगळ्यांत जास्त. जिथं नुसती ही खूण मारली तिथली घट, काहीच न केलेल्या भागांपेक्षाही कमी. हे वाचून मी दोन दिवस गप्प होतो. पोटापाण्याचा धंदाच पट्ट्यांचा, आणि कोणी आकडे मांडून दाखवतो की पट्टा एकटा काही करत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी वेग, मग कोपरे, मग पार्किंग, आणि सगळ्यांत शेवटी रंग.

वेग मोजायला फक्त फोन लागतो

रस्त्यावर खडूने दोन रेघा मारा, बरोबर २५ मीटर अंतरावर. टेप गवंड्याकडून मागून आणा, पावलांनी मोजू नका. मग एका ओट्यावर बसून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर गाडी पहिल्या रेघेपासून दुसरीपर्यंत किती वेळात जाते ते पाहा. तीन सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर. सव्वादोन सेकंद म्हणजे ४०. १.८ सेकंद म्हणजे ५०. पन्नास गाड्या मोजा, वहीत एकाखाली एक लिहा. सकाळी दहाला मोजून काही कळत नाही. ट्यूशन सुटायच्या वेळी, संध्याकाळी सहा ते सात मोजा.

२०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक रस्ता सुरक्षा परिषदेच्या जाहीरनाम्यात हेच आहे: जिथं पायी, सायकल आणि मोटार एकत्र चालतात तिथं कमाल वेग ३०. आपल्याकडे केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत शहरी रस्त्यांवर मोटारीला वरची मर्यादा ७० ठेवली होती. पण ती वरची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे एखाद्या रस्त्यापुरती ती खाली आणता येते. अर्जात हे कलम लिहा. समोरचा माणूस चष्मा लावतो.

आमच्या रस्त्यावर निम्म्याहून जास्त गाड्या तीन सेकंदांच्या आत गेल्या. त्यातल्या एका मोपेडवर आमच्याच सोसायटीचे सेक्रेटरी होते. दुसऱ्या दिवशी अर्जावर पहिली सही त्यांची.

मोजून कळलं की तुमचा रस्ता पन्नास-साठने धावणारा आहे, तर ही खूण मागू नका. वर्धा रोड, अमरावती रोड, रिंग रोडवर सायकल रंगवून कोणाचं भलं होत नाही. तिथं कठडा घातलेला वेगळा ट्रॅकच लागतो, आणि तो मागायचा रस्ताही वेगळा. शॅरो आतल्या रस्त्याची गोष्ट आहे.

चुन्याची परीक्षा

कोपऱ्यावर वळणारी गाडी किती आतून जाते हे डोळ्यांनी नीट समजत नाही. पहाटे, वर्दळ सुरू व्हायच्या आधी, कोपऱ्यावर पातळ चुना भुरभुरवा. बारीक चाळणीतून, रांगोळीसारखा. वारा असेल तर नको. तासाभराने जाऊन पाहा. चाकांच्या रेघा स्वच्छ उमटलेल्या असतात. चारचाकी कुठून वळतात, दुचाकी कुठून, आणि कोपऱ्यातला कोणता तुकडा कोरा राहतो, सगळं दिसतं. आमच्या कोपऱ्यावर जवळजवळ छोट्या खोलीएवढा तुकडा कोरा होता. म्हणजे तेवढा रस्ता वाहनांना लागतच नव्हता. तो होता म्हणून गाड्या वेग न कमी करता वळत होत्या. त्या जागेत कुंड्या किंवा खांब आले की वळण आवळतं आणि वळणाऱ्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

मी चुना भुरभुरवत असताना दूधवाला थांबला. "काय करून राहिले भाऊ, लग्न आहे का?" म्हटलं, हौ, रस्त्याचं.

(कुंड्या स्वतःच्या मर्जीने ठेवू नका. रात्री कोणी आदळला तर गुन्हा तुमच्यावर. रंगाचंही तेच: हौसेने सार्वजनिक रस्त्यावर चिन्ह रंगवू नका.)

ब्रेकरबद्दल थोडक्यात. आयआरसी, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस, तिच्या ९९ क्रमांकाच्या नियमावलीतल्या जुन्या मापाप्रमाणे ब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, वर गोलाई. त्यावरून सायकल झोक्यासारखी जाते. आपल्या मोहल्ल्यात जो फूटभर रुंदीचा उभट उंचवटा रातोरात उगवतो, त्यावरून सायकलच्या दांड्यावर बसलेलं पोर उडतं. ब्रेकर मागाल तर माप लिहून मागा.

दोरी कुठं धरायची

आता माझ्या चुकीचा हिशोब. रस्त्याच्या कडेपासून सुरू करा. उभी मोटार कडेपासून साधारण ३० सेंटीमीटर सोडून उभी असते. तिची रुंदी १.७५ मीटर धरा. दार पूर्ण उघडलं की आणखी १ मीटर. सायकलचं हँडल ६० सेंटीमीटर, त्याचं अर्धं ३०. बेरीज ३.३५ मीटर. बरोबर ११ फूट. अमेरिकेच्या २००९ च्या नियमावलीत जिथं कडेला पार्किंग आहे तिथं चिन्हाचा मध्य कडेपासून कमीत कमी ११ फुटांवर सांगितलाय. त्यांनी तो असाच काढला का ठाऊक नाही, पण माझं कोपर त्याला साक्ष आहे. पार्किंग नसेल तर कमीत कमी चार फूट, म्हणजे १.२ मीटर.

अडीच फूट कुठं आणि अकरा फूट कुठं!

आता नागपूरची अडचण. आपल्या सिमेंट रोडला दोन्ही बाजूंना गट्टू (पेव्हर ब्लॉक) असतात आणि मोटार कधी पूर्ण गट्टूवर, कधी अर्धी सिमेंटवर. मग 'कड' कोणती? उत्तर सोपं आहे, कड विसरा. दोन संध्याकाळी जाऊन उभ्या मोटारींच्या उजव्या बाजूपासून मोजा. तिथून चिन्हाचा मध्य किमान १.३ मीटर, जमल्यास दीड.

सात मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना मोटारी असतील तर ३.३५ अधिक ३.३५, झाले ६.७०. दोन्ही दिशांच्या सायकली एकमेकींना चिकटल्या. तिथं खूण बसतच नाही, आधी एका बाजूचं पार्किंग काढावं लागतं. त्यातही सम-विषम तारखांचं पार्किंग नको. त्या रस्त्यावर खूण एक दिवस बरोबर, एक दिवस चूक. पार्किंगची एकच बाजू कायमची ठरवून घ्या. आमच्याकडे या एका मुद्द्यावर चार बैठका झाल्या आणि एका बैठकीतला चिवडा अक्षरशः उधळला गेला. सगळ्या कामात वेळखाऊ भाग हाच.

रस्ता त्याहूनही अरुंद असेल तर चिन्ह सरळ पट्ट्याच्या मधोमध घ्या. नेदरलँड्समध्ये असे सायकल-रस्ते असतात. तिथं पाटीच लावतात की मोटार इथे पाहुणी. मधोमध घेण्यात आणखी एक फायदा, जो ऑफिसात बसलेल्याला सहसा सुचत नाही. मोटारीची दोन्ही चाकं चिन्हाच्या दोन बाजूंनी जातात. चाकाखाली आलेली खूण लवकर झिजते, दोन चाकांच्या मधली टिकते.

चिन्ह लांबट हवं. अमेरिकेतलं माप साधारण एक मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच. जमिनीवर उभं राहून पाहिलं तर सायकल ओढून ताणलेली दिसते. आमच्याकडे एकदा देखरेखीला आलेल्या साहेबांनी "हे वाकडं काय काढलं" म्हणून पुसायला लावलं होतं. ड्रायव्हरच्या सीटवर बसून दुरून पाहिलं की तीच सायकल प्रमाणात दिसते. साहेबांना मोटारीत बसवून दाखवा.

कोपरा ओलांडला की लगेच एक, मग जास्तीत जास्त ७५ मीटरवर पुढचं. कॉलनीत गल्ल्या जवळजवळ असतात, त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यानंतर एक मारलं तरी पुरतं.

सिमेंट रोडवर पांढरं दिसत नाही

डांबरावर पांढरा पट्टा उठून दिसतो. सिमेंटवर, मे महिन्याच्या दुपारी, पांढऱ्यावर पांढरं. चिन्ह आहे हे पायाखाली आल्यावर कळतं. उपाय जुना आहे: आधी काळा चौकोन, त्यावर पांढरी सायकल. एस्टिमेटमध्ये काळ्या थराचं क्षेत्रफळ वेगळं धरलेलं नसेल तर ठेकेदार तो मारणार नाही. मीही मारला नसता.

सिमेंटवर प्रायमरशिवाय थर्मो धरत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात पापुद्रे निघतात, पोरं ते उचलून टिक्कर खेळतात. आणि चिन्ह भरीव, मोठं, गुळगुळीत करू नका. पावसात ओल्या थर्मोवर सायकलचं चाक घसरतं. सायकलची आकृती रेघांची ठेवा आणि मिश्रणात खरखरीत कण घालायला सांगा.

रंग मारायच्या आधी रस्त्याचे तीन दोष पाहून घ्या, नाहीतर तुम्ही सायकलवाल्याला खड्ड्याकडे बोट दाखवाल. सिमेंट आणि गट्टू यांच्यातली पायरी, जिथं गट्टू खचून दोन बोटं खाली गेलेत. तिथून तिरकं चढताना चाक घासतं आणि माणूस आडवा. सिमेंटच्या दोन पट्ट्यांमधली लांब उभी फट, तिच्यात बारीक टायर अडकतं. आणि गडर लाइनच्या, म्हणजे सांडपाण्याच्या, चेंबरची जाळी. जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने असतील तर ती चाकाचा सापळा आहे. आडवी फिरवून बसवली की झालं, पैसेही लागत नाहीत. आमच्याकडे हे एक काम अर्जानंतर आठवड्याभरात झालं.

अर्ज

आधी रस्ता कोणाचा ते काढा. महानगरपालिका, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), सार्वजनिक बांधकाम, महामार्ग: शहरात चौघांचेही रस्ते आहेत. चुकीच्या दारात अर्ज टाकला तर तो तिथंच म्हातारा होतो. माझा पहिला अर्ज असाच म्हातारा झाला. तोंडी कोणी सांगेना, तेव्हा दहा रुपयांचा माहिती अधिकार लावून विचारलं.

अर्ज एक पानाचा. वेगाची वही, कोपऱ्यावरच्या चुन्याचा फोटो, हाताने काढलेला नकाशा आणि त्यावर मीटरमध्ये मापं. 'सायकलस्नेही' वगैरे शब्द टाळा. सायकलचं चिन्ह आयआरसी ३५ मधलं, इतक्या मापाचं, इतक्या अंतरावर, असं लिहा. मापं लिहिलेला अर्ज ज्युनिअर इंजिनिअर उचलतो, कारण त्याचं अर्धं काम झालेलं असतं. प्रत वाहतूक पोलिसांना. वेगाची पाटी आणि पार्किंगची बाजू त्यांच्याशिवाय होत नाही. २०२० मध्ये केंद्राच्या सायकल चॅलेंजमध्ये नागपूरने भाग घेतला होता, त्याचा उल्लेख केलात तर बिघडत नाही, पण भिस्त त्यावर ठेवू नका.

आणि सह्या कोणाच्या घ्यायच्या? पहाटे फुटाळा तलावाला हेल्मेट घालून जाणाऱ्यांच्या घ्याच, ती मंडळी उत्साही असतात. पण आमच्या रस्त्यावरून रोज जाणारे खरे सायकलवाले म्हणजे डबा लटकवून साइटवर जाणारे गवंडी, भाजीवाला, आणि रात्री उशिरा सायकल दामटत परतणारे वॉचमन. त्यांना थांबवून विचारलं तेव्हा कळलं, की सगळ्यांत वाईट जागा कोपरा नव्हे, शाळेसमोरची रिक्षांची रांग आहे. माझ्या नकाशात ती नव्हतीच.

रात्रीचं काम पाहताना

दिवाळीनंतर करून घ्या. मार्च एंडिंगला सगळ्यांना घाई, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, डांबर मऊ असतं. रस्ता कोरडा, झाडून आणि फुंकून घेतलेला हवा. थर्मो साधारण १८० ते २०० अंशांना वितळलेला. जास्त तापला तर पिवळट पडतो. जाडी अडीच मिलीमीटर. कडेला पत्र्याचा तुकडा ठेवून त्यावर थोडा मारून घ्या, थंड झाला की पोराच्या कंपासातल्या पट्टीने मोजा. काचेचे बारीक मणी थर ओला असतानाच वरून पडायला हवेत, चौरस मीटरला पाव किलो. मण्यांची पिशवी रिकामी झाली का, एवढंच पाहिलंत तरी कोणी फसवणार नाही. किती पिशव्या न फोडता परत जातात हे मला विचारू नका.

चुन्याची आखणी होते तेव्हाच हजर राहा, थर्मो पडल्यावर नाही. टेप स्वतः धरा. त्या रात्री आमच्याकडच्या पोराने सवयीने दोरी कडेला धरली. मी नुसतं कोपर दाखवलं.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर टॉर्च डोळ्यांजवळ धरून लांबून चिन्हाकडे पाहा. मणी नीट बसले असतील तर सायकल चमकून उठते. दोष दायित्वाची मुदत, म्हणजे खराबी ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत, किती महिन्यांची आहे ते टेंडरमधून टिपून घ्या आणि प्रत्येक चिन्हाचा तारखेसह फोटो काढा. फोटोत चिन्हावर सायकल उभी करा आणि शेजारी पार्क केलेली मोटार दार उघडून येऊ द्या.